नसलेला पालक तयार करावा का?

ग्रंथालयाची नोंदवही, प्रयोगशाळेतील साहित्याची यादी, विद्यार्थ्यांची माहिती ही कामे आता बऱ्याच शाळांत संगणकावर होतात. त्यासाठी प्रोग्रामिंग शिकावेच लागते असे नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस, एअरटेबल, ॲपशीट, झोहो क्रिएटर अशा साधनांत कोष्टके आखायची, रकान्यांना नावे द्यायची, दोन कोष्टके एकमेकांना जोडायची आणि काही नियम निवडायचे. एवढ्यावर बऱ्यापैकी चांगला माहितीसाठा उभा राहतो. प्रोग्रामची भाषा फारशी लिहावी लागत नाही म्हणून यांना लो-कोड साधने म्हणतात. अशी साधने शिक्षकांच्या हाती आली हे चांगलेच झाले. मात्र त्यांतील एका सोयीकडे जरा चिकित्सेने पाहायला हवे. ती सोय अशी, की जिला जोडायचे ती नोंद सापडली नाही तर साधन ती आपोआप तयार करते.

वरवर पाहता यात तक्रार करण्यासारखे काही दिसत नाही. उलट वेळ वाचतो. पण वाचलेल्या वेळाची किंमत कोण देते, हा या लेखाचा विषय आहे.

पालक आणि पाल्य

आधी शब्दांचा अर्थ पाहू. ग्रंथालयाच्या माहितीत एक कोष्टक लेखकांचे आणि दुसरे पुस्तकांचे असते. प्रत्येक पुस्तकाच्या ओळीत लेखकाचा क्रमांक असतो आणि तो क्रमांक लेखकांच्या कोष्टकातील एका ओळीकडे बोट दाखवतो. ज्या नोंदीकडे बोट दाखवले जाते ती पालक नोंद आणि जी दाखवते ती पाल्य नोंद. एका पालकाची अनेक पाल्ये असू शकतात. माहिती अशा कोष्टकांत मांडण्याची कल्पना आयबीएममधील गणिती एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात मांडली. आज बँका, रेल्वे, रुग्णालये यांचे बरेचसे काम तिच्यावर चालते.

या मांडणीचा एक महत्त्वाचा नियम असा, की पाल्याने ज्याच्याकडे बोट दाखवले तो पालक कोष्टकात असलाच पाहिजे. नसेल तर ती नोंद अनाथ ठरते. मग प्रश्न येतो, की समोर पाल्य आले आहे आणि पालक सापडत नाही, तेव्हा काय करायचे? मार्ग तीन आहेत. पहिला, पाल्याची नोंद नाकारणे. ॲक्सेसमध्ये संदर्भाचा नियम सक्तीचा केला तर असेच होते. दुसरा, पालकाची जागा रिकामी ठेवून पाल्य घेणे. तिसरा, पालक तिथल्या तिथे तयार करणे. एअरटेबलमध्ये जोडणीच्या रकान्यात एखादी यादी चिकटवली, की जी नावे समोरच्या कोष्टकात नसतील त्यांच्या नव्या नोंदी आपोआप होतात. इतर साधनांतही ‘शोधा, न सापडल्यास तयार करा’ असा नियम थोड्या खटपटीने बसवता येतो.

हा तिसरा मार्ग किती विश्वासाचा, हे एका खऱ्या उदाहरणावर तपासून पाहू. त्यासाठी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात जाऊ.

सिरोंच्याचे थर

प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. संगमाच्या थोडे वर, प्राणहितेच्या डाव्या तीरावर कोटा नावाचे लहान गाव आहे. भूशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे नाव कायमचे गेले आहे, कारण या भागातील ज्युरासिक काळातील खडकांच्या थरांना ‘कोटा थर’ म्हणतात. येथील माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अभ्यासकांना माहीत आहेत. १८५१ साली कर्नल साईक्स यांनी लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि सर फिलिप एगर्टन यांनी माशाचे वर्णन केले.

पुढचा मोठा शोध लागला तो कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेमुळे. संख्याशास्त्राच्या संस्थेचा डायनोसॉरशी काय संबंध, असे वाटेल. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना हाडे मोजण्यातही संख्याशास्त्र दिसत होते. त्यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांनी संस्थेत भूशास्त्राचा विभाग उभा करण्यास मदत केली. या विभागाच्या अभ्यासकांना १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली गावाजवळ मोठी हाडे सापडली आणि १९६१ पर्यंत तेथे उत्खनन झाले. १९६१ हे रवींद्रनाथ ठाकुरांचे जन्मशताब्दी वर्ष. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉयचौधुरी आणि शंकर चटर्जी यांनी १९७५ साली या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे नाव बारापासॉरस टागोरी. ‘बारा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय. त्याचा जोडलेला सांगाडा कोलकात्यात संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

आता समजा, सिरोंचा भागातील एखाद्या विद्यालयाने या जीवाश्मांची माहिती लो-कोड साधनात भरायचे ठरवले. याच तालुक्यात वडधम येथे वनविभागाचे जीवाश्म उद्यान आहे, तेव्हा असा उपक्रम कोणाच्याही मनात येऊ शकतो. एक कोष्टक हाडांचे. प्रत्येक हाड एका प्राण्याचे, म्हणून दुसरे कोष्टक प्राण्यांचे. प्रत्येक हाड एका गावाजवळ सापडलेले, म्हणून तिसरे कोष्टक गावांचे. गाव तालुक्यात, तालुका जिल्ह्यात. विद्यार्थी हाडांची यादी भरतील आणि बाकीचे पालक साधनाने आपोआप तयार करावेत, अशी योजना.

तीनशे हाडे, प्राणी किती?

पोचमपल्लीला सुमारे ३०० हाडे मिळाली. ती एका जागी पसरलेली आणि बरीचशी एकमेकांपासून सुटलेली होती. कवटी मिळाली नाही, काही दात मिळाले. हाडांच्या यादीत ‘प्राणी’ या रकान्यात काय लिहायचे? विद्यार्थ्यांनी सगळीकडे ‘बारापासॉरस’ लिहिले तर साधन एकच पालक तयार करील आणि ३०० हाडे एकाच प्राण्याच्या अंगावर चढतील. त्यांनी प्रत्येक हाडापुढे वेगळा क्रमांक टाकला तर साधन ३०० प्राणी तयार करील. दोन्ही वेळा पडद्यावर कोष्टक नीटनेटके दिसेल. एकही अनाथ नोंद उरणार नाही आणि चुकीची सूचनाही येणार नाही.

अभ्यासकांनी काय केले? त्यांनी डाव्या मांडीची हाडे मोजली. ती सहा होती. एका प्राण्याला डावी मांडी एकच असते, म्हणून प्राणी किमान सहा होते. पुराजीवशास्त्रात आणि पुरातत्त्वशास्त्रात ही पद्धत नेहमी वापरतात. तिचे सौंदर्य ‘किमान’ या शब्दात आहे. सहा हे उत्तर नव्हे, ती उत्तराची खालची मर्यादा आहे. प्राणी सात असतील, दहाही असतील. पाच मात्र नक्की नव्हते.

इथे या सोयीतील पहिला दोष दिसतो. पालक नोंद तयार करणे म्हणजे ‘असा एक प्राणी होता’ असे विधान करणे. त्या विधानाला पुरावा लागतो, आणि पुरावा एकट्या पाल्यात नसतो. तो अनेक पाल्ये शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर मिळतो. ओळीमागून ओळ वाचणारा नियम एका वेळी एकच हाड पाहतो. त्याला सहा डाव्या मांड्या एकत्र दिसतच नाहीत. शिवाय कोणत्या बरगडीचा मालक कोणता, हे पुष्कळदा सांगता येत नाही. तेथे खरे उत्तर ‘सहापैकी कोणी एक, किंवा आणखी कोणी’ एवढेच असते. ‘आपोआप तयार करा’ या बटणाजवळ असे उत्तर ठेवायला जागा नाही.

गाव कोणते, जिल्हा कोणता?

प्राण्यांचे कोष्टक अवघड म्हणून सोडून देऊ. गावांचे तरी सोपे असेल? तिथे दुसरा दोष भेटतो. साधन नावावरून पालक ओळखते आणि नाव म्हणजे वस्तू नव्हे.

एका विद्यार्थ्याने ‘पोचमपल्ली’ लिहिले, दुसऱ्याने ‘पोचंपल्ली’, तिसऱ्याने ‘पोचम्पल्ली’. वाचताना तिन्हींचा उच्चार जवळजवळ एकच. संगणकाच्या दृष्टीने मात्र अक्षरांच्या या तीन वेगळ्या माळा आहेत, म्हणून तीन गावे. शब्दाच्या शेवटी चुकून एक मोकळी जागा राहिली, की चौथे गाव तयार होण्याचा संभव. सिरोंचा आणि शिरोंचा ही दोन्ही रूपे लिहिलेली आढळतात. मराठी, तेलुगू, गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या या भागात एकाच गावाचा उच्चार घरोघरी थोडा वेगळा असतो. त्यात लिहिणाऱ्याची चूकही नसते.

उलट बाजूचा धोका याहून मोठा. नाव एक आणि वस्तू दोन. हैदराबादजवळ एक पोचमपल्ली आहे. १९५१ साली विनोबांच्या भूदान चळवळीचा आरंभ तेथे झाला, म्हणून त्याला भूदान पोचमपल्ली म्हणतात. तेथील इकत साड्याही प्रसिद्ध आहेत. ते नाव कोष्टकात आधीच असेल तर साधन सिरोंच्याचा डायनोसॉर मुकाट्याने तेथे नेऊन बसवील. ‘कोटा’चेही तसेच. घरोघरी बसवलेली कोटा फरशी राजस्थानातील कोट्याकडची. तोही चुनखडक, आणि आपल्या कोटा थरांतही चुनखडक आहे. पण राजस्थानातील तो खडक विंध्य समूहातला, डायनोसॉर पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीचा. नावाच्या साम्यावर पालक जोडला तर वयात कोट्यवधी वर्षांची चूक होईल आणि कोष्टकाला तिचा पत्ताही लागणार नाही.

जिल्ह्याचा प्रकार आणखी वेगळा आहे. ब्रिटिश काळात सिरोंचा हे अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. १८७४ साली तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात गेले. चांद्याचे पुढे चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. म्हणजे एकाच जागेवरच्या दगडाच्या चिठ्ठीवर, ती चिठ्ठी कोणत्या साली लिहिली त्यानुसार, चार वेगळी जिल्ह्यांची नावे असू शकतात आणि चारही आपापल्या काळी बरोबर. नदीपलीकडेही असेच झाले. त्याच कोटा थरांतील कोटासॉरस या डायनोसॉरचे वर्णन १९८८ साली पी. यादगिरी यांनी केले, तेव्हा त्याचे यामनपल्ली गाव आंध्र प्रदेशात होते. २ जून २०१४ पासून तो भाग तेलंगणात आहे. आपोआप पालक करणारा नियम या सगळ्यांतून चार जिल्हे आणि दोन राज्ये शेजारी शेजारी उभी करील, जणू ती सर्व एकाच वेळी नांदत आहेत. उद्या कोणी ‘कोणत्या जिल्ह्यात किती जीवाश्म?’ असा तक्ता काढला, तर सिरोंच्याचा एकच संग्रह चार जिल्ह्यांत विभागलेला दिसेल.

मग नकार द्यावा का?

इतके वाचल्यावर वाटेल, की ही सोय बंदच करावी. ज्याचा पालक यादीत नाही त्या पाल्याला घ्यायचेच नाही. परंतु हा उपाय रोगापेक्षा बरा असतोच असे नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

हाडांकडून मुलांकडे येऊ. एका टोल्यावरून मूल शाळेत दाखल होते. पडद्यावरील वस्त्यांच्या यादीत त्या टोल्याचे नावच नाही, आणि वस्ती निवडल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. दिवस मावळायला आलेला, नेटवर्क येते आणि जाते. अशा वेळी भरणारा शेजारच्या गावाचे नाव निवडतो आणि पुढे जातो. नियम पाळला गेला, अनाथ नोंदही नाही. फक्त माहिती खोटी झाली. नकार देणारे साधन प्रामाणिक माणसालाही खोटे लिहायला लावते, आणि हे खोटे शोधणे फार अवघड, कारण ते यादीतील खऱ्या नावाआड दडलेले असते.

याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. शिक्षण हक्क कायद्याखालील २०१० च्या केंद्रीय नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वस्तीपासून एक किलोमीटर चालण्याच्या अंतरात शाळा असायला हवी. हे अंतर वस्तीपासून मोजायचे आहे. टोला यादीतच नसेल तर अंतर कोठून मोजणार? त्याची मुले शेजारच्या गावात मोजली गेली तर कागदावर त्या टोल्यावर मूलच राहत नाही. आणि आपोआप नोंद करणाऱ्या साधनाने तीन लेखनांचे तीन टोले केले, तर प्रत्येकात मोजकीच मुले दिसतील आणि कोणताच टोला शाळेसाठी पुरेसा मोठा वाटणार नाही. दोन्ही मार्गांनी मुलांचे नुकसान होते. फक्त चूक वेगवेगळ्या ठिकाणी लपते.

जागा धरावी, विधान करू नये

या पेचातून वाट आहे, आणि ती जीवशास्त्रज्ञांनी फार पूर्वी शोधली. एखादा प्राणी कोणत्या कुळातला हे ठरत नसेल तर वर्गीकरणात त्याच्यापुढे ‘इन्सर्टी सेडिस’ असे लिहितात. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘स्थान अनिश्चित’. त्या प्राण्याला यादीतून हाकलत नाहीत आणि त्याच्यासाठी घाईने नवे कुळही काढत नाहीत. त्याची जागा धरून ठेवतात आणि ती अनिश्चित आहे हे उघडपणे लिहितात. मोठ्या व्यापारी माहितीसाठ्यांत काम करणाऱ्यांनीही अशीच पद्धत काढली आहे. ग्राहकाची माहिती पोचण्याआधी त्याची खरेदी नोंदवायची वेळ आली, तर ते ग्राहकाची तात्पुरती नोंद करतात आणि तिच्यावर ‘अनुमानित’ अशी खूण ठेवतात. खरी माहिती आली की ती त्याच नोंदीत भरतात आणि खूण काढतात.

म्हणून या सोयीवरील आपली टीका नेमकी असावी. यंत्राने पालकासाठी जागा धरली यात दोष नाही. धरलेली जागा आणि तपासलेला पालक यांत फरक न ठेवणे हा दोष आहे. हा फरक ठेवणे लो-कोड साधनांत अवघड नाही, फक्त ते आपण सांगावे लागते. त्यासाठी पाच गोष्टी पुरतात.

पहिली, पालकांच्या कोष्टकात ‘स्थिती’ हा एक रकाना जोडावा आणि आपोआप झालेल्या प्रत्येक नोंदीत ‘न तपासलेली’ असे आपसूक भरले जावे. कोणत्या पाल्यामुळे आणि कोणत्या तारखेला ती झाली, हेही तिथेच यावे.

दुसरी, मोजणीच्या तक्त्यात न तपासलेले पालक वेगळे दाखवावेत. ‘गावे ४२’ असे न छापता ‘तपासलेली ३५, न तपासलेली ७’ असे छापावे. आकडे येथे केवळ नमुन्यासाठी घेतले आहेत.

तिसरी, पालकाची ओळख नावावर न ठेवता क्रमांकावर ठेवावी. नवी नोंद करण्यापूर्वी साधनाने मोकळ्या जागा छाटाव्यात, अनुस्वार आणि जोडाक्षरांची रूपे एकसारखी करून पाहावीत आणि जवळची नावे माणसापुढे ठेवावीत. निवड मात्र माणसाने करावी.

चौथी, मूळ लेखन कधीही पुसू नये. चिठ्ठीवर ‘चांदा’ असेल तर ‘चांदा’ एका रकान्यात जसेच्या तसे राहावे आणि आजचा जिल्हा दुसऱ्या रकान्यात यावा. जगभरातील संग्रहालये वापरतात त्या ‘डार्विन कोअर’ या प्रमाण मांडणीत स्थळाच्या मूळ शब्दांसाठी असा स्वतंत्र रकाना आहे. १८५१ च्या त्या माशाचे नाव पाहा. त्यात कोटा नाही, दख्खन आहे. त्याला ‘डेक्कनेन्सिस’ म्हणतात. त्या वेळी स्थळाविषयी कसे बोलत, ते त्या नावात टिकून राहिले. आज कोणी ते ‘दुरुस्त’ करीत नाही.

पाचवी, न तपासलेल्या पालकांची यादी कोणीतरी ठराविक दिवशी पाहावी. एकच ठरलेले दोन पालक एकत्र करावेत आणि त्यांची पाल्ये योग्य जागी न्यावीत. हे काम कोणाचे ते लिहून ठेवावे. ही पाचवी गोष्ट नसेल तर पहिल्या चारांचा उपयोग नाही, कारण ‘न तपासलेली’ ही खूण वर्षानुवर्षे तशीच राहिली की डोळ्यांना तिची सवय होते.

साधने बनवणाऱ्या कंपन्यांकडूनही एक अपेक्षा रास्त आहे. यादी चिकटवताना नव्या नोंदी गुपचूप करण्याऐवजी, ‘इतक्या नव्या पालक नोंदी होणार आहेत, त्या अशा’ एवढे आधी ठळकपणे दाखवून संमती घेण्याची पद्धत मूळ साधनातच असायला हवी. आज ती काळजी बहुतेक वापरणाऱ्यावर सोडलेली असते, आणि लो-कोड साधन वापरणारा माणूस तर या गोष्टी माहीत नसतात म्हणूनच त्या साधनाकडे आलेला असतो.

वर्गात करून पाहा

आठवी ते दहावीच्या वर्गात हा विषय संगणकाशिवायही शिकवता येईल. वीस चिठ्ठ्या करा. चार चिठ्ठ्यांवर ‘डावी मांडी’, तिघांवर ‘उजवी मांडी’, दोघांवर ‘डावा खांदा’, सहांवर ‘दात’ आणि पाचांवर ‘बरगडी’ असे लिहा. चिठ्ठ्या मिसळून गटांना द्या आणि विचारा, प्राणी किमान किती? काही मुले वीस म्हणतील, काही एक म्हणतील. चार हे उत्तर वादातून निघू द्या. मग पुढचा प्रश्न विचारा: या चौघांपैकी पहिल्या बरगडीचा मालक कोण? येथे वर्ग थांबेल. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर मुलांनी फळ्यावर लिहावे आणि त्याला पूर्ण गुण द्यावेत.

त्यानंतर प्रत्येकाने आपल्या गावाचे, वाडीचे किंवा टोल्याचे नाव कागदावर लिहावे. एकाच गावाची किती लेखने आली ते मोजावे आणि जुन्या सातबाऱ्यावर, बसच्या पाटीवर, आजीच्या तोंडी ते नाव कसे आहे ते शोधून आणावे. ही सगळी लेखने एका तक्त्यात भिंतीवर लावली, की पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी वस्तीचे नाव भरणाऱ्याला ती हाताशी मिळतील.